रोड बाइक घेतली आणि मान धरली

"डॉक्टर ताई, नमस्कार. मी खानापूर भागातल्या एका मराठी शाळेत शिक्षक आहे. वय ४७, उंची १७० सेंटिमीटर, वजन ७२ किलो. तीन वर्षं सरळ हँडलची हायब्रिड सायकल चालवली, कसला त्रास नव्हता. दसऱ्याला कोल्हापूरच्या एका मित्राकडून वापरलेली रोड बाइक, म्हणजे खाली वाकलेल्या हँडलची वेगाची सायकल, घेतली. फ्रेमवर ५६ लिहिलंय. आता दहा-बारा किलोमीटर झाले की मानेच्या मागं, कवटीच्या बुडाला दुखायला लागतं. बेळगावपर्यंत पोचेतो खांदे कानाला लागतात. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्याकडून मुलांकडं वळायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं. कधीकधी करंगळीला मुंग्या येतात. हँडल लांब वाटलं म्हणून सीट पुढं सरकवून बघितली, फरक नाही. मित्र म्हणतो सवय होईल. घरचे म्हणतात या वयात कशाला. एकानं सांगितलं की असल्या सायकलीवर माणसांची मान कायमची खाली पडते. कटिंगच्या दुकानात मान मोडून घे, सुटेल, असं सांगणारेही आहेत. संक्रांतीच्या सुमारास गोव्याकडं उतरणारा चोर्ला घाट करायचं मनात आहे. सायकल विकून टाकू काय?"
– एक शिक्षक, खानापूर

सर, नमस्कार.

सायकल विकू नका, आणि मान मोडून घेऊ नका. या दोन गोष्टी आधी, बाकीचं सावकाश सांगते.

मान मोडण्याबद्दल स्पष्टच लिहिते, कारण आपल्याकडं दाढी-कटिंग झाल्यावर हनुवटी आणि डोकं धरून कडाकड आवाज काढणं हा नेहमीचा रिवाज आहे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर जातात. झटक्यानं मान पिळली तर त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं. तिथं गुठळी होऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. असं क्वचितच होतं हे खरं. पण हँडल दोन सेंटिमीटर वर घेतल्यानं ज्या दुखण्याला उतार पडतो, त्याच्यासाठी एवढासुद्धा धोका पत्करायचं कारण नाही. आवाजानंतर घटकाभर हलकं वाटतं, आणि पुढच्या रविवारी सायकल तीच असते, बसणं तेच असतं, दुखणंही तेच असतं.

मान कायमची पडते असं ज्यानं सांगितलं त्यानं अर्धीच गोष्ट ऐकली असावी. अमेरिकेत एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' नावाची सायकल शर्यत होते. १९८३ साली त्या शर्यतीत मायकेल शर्मर या स्पर्धकाच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोकं वर उचलेना, आणि तेव्हापासून त्या अवस्थेला त्याचंच नाव पडलं. ती वेळ येते ती दिवसरात्र, जेमतेम झोप घेऊन, शेकडो किलोमीटर सलग चालवणाऱ्यांवर. विश्रांती मिळाली की स्नायू पुन्हा सावरतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या गटातून ही शर्यत पूर्ण केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं पूर्ण केली. तुमचं अंतर खानापूर ते बेळगाव आहे. त्या भीतीनं रात्रीची झोप घालवू नका.

आता तुमच्या मानेत काय चाललंय ते बघू. माणसाच्या डोक्याचं वजन साधारण पाच किलो असतं. हायब्रिडवर पाठ बऱ्यापैकी ताठ असल्यामुळं हे वजन खांद्यांवर तोललेलं राहतं. रोड बाइकवर धड पुढं झुकतं आणि डोकं खांद्यांच्या पुढं जातं. शिवाय रस्ता दिसायला पाहिजे म्हणून ते सारखं वर उचलून धरावं लागतं. हे उचलणं मानेचे सगळे मणके आणि पाठीचा वरचा भाग यांनी वाटून घेतलं तर शरीर तक्रार करत नाही. पण ती वरची पाठ आखडलेली असेल तर सगळं वळण कवटीच्या बुडाशी, अगदी वरच्या दोन-तीन सांध्यांत होतं. वह्या तपासणाऱ्या आणि मोबाइल बघणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांची पाठ तशीच असते. कवटीखालचे ते स्नायू फार लहान आहेत. तासभर ते आकसलेलेच राहिले की ठणकायला लागतात. तुम्ही दुखण्याची जागा नेमकी तीच लिहिली आहे.

खांदे कानाला लागतात त्याचं कारण वेगळं. हँडल लांब असलं की कोपरं सरळ ताठ होतात. कोपर ताठ झालं की धडाचा भार सरळ हाडांतून खांद्यावर येतो आणि खांदे वर चढतात. मग खांद्याच्या पात्यापासून मानेपर्यंत गेलेला स्नायू दिवसभर पिशवी उचलल्यासारखा ताणलेला राहतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, सर: मानेला शेक, मलम, मालीश करत बसण्याआधी तिच्यावर एवढा भार कुठून आला ते शोधायचं. हातांनी, कमरेनं, वरच्या पाठीनं आणि डोळ्यांनी आपापलं काम केलं तर मानेला फार थोडं उरतं. नुसतं 'सवय होईल' म्हणून रेटत राहिलात तर शरीराला चुकीच्या बसण्याचीच सवय लागेल.

पहिला प्रश्न सायकलच्या मापाचा. तुमच्या उंचीला बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यात ५२ ते ५४ मापाची रोड फ्रेम येते. ५६ तुम्हाला मोठी आहे. वापरलेली सायकल घेताना रंग, गिअर, टायर सगळं बघितलं जातं आणि माप राहून जातं, हे मी बरेचदा बघते. आता एक करा. सपाट जागी सायकलच्या वरच्या आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, बूट घालून उभे राहा. नळी आणि जांघ यांच्यात दोन-तीन सेंटिमीटर तरी मोकळी जागा राहिली पाहिजे. नळी अंगाला टेकत असेल तर माझं 'सायकल विकू नका' हे म्हणणं मागं घेतलं समजा आणि सायकल बदलून घ्या. अचानक उतरायची वेळ आली तर तिथं इजा होते. जागा राहत असेल तर ही फ्रेम तुम्हाला चालवण्याजोगी करता येईल.

तुम्ही सीट पुढं सरकवली, ती आधी पुन्हा मधे आणा. हँडल जवळ यावं म्हणून हे सगळेच करतात, पण सीटची जागा पायांसाठी ठरवायची असते, हातांसाठी नाही. सीट पुढं गेली की शरीराचा तोल पुढं जातो आणि हातांवर आणखी भार पडतो. तुमच्या करंगळीच्या मुंग्यांना तेही एक कारण असू शकतं. गुडघ्याच्या पुढच्या बाजूलाही त्रास सुरू होतो. सीटची उंची बघताना भिंतीला धरून सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यात खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ व्हावा, आणि कंबर एका बाजूला कलायला नको. सीट गरजेपेक्षा वर असेल तर हँडल तेवढंच खाली गेल्यासारखं होतं आणि मान आणखी वर उचलावी लागते.

सीटवर पाणसळ ठेवून ती सपाट आहे का तेही बघा. मोबाइलमधलं पाणसळीचं ॲप चालेल. सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर आपण सतत पुढं घसरतो आणि हातांनी स्वतःला मागं रेटत राहतो. ते रेटणं खांद्यांत साठतं. टोक वर असेल तर ओटीपोट मागं कलंडतं, पाठीला बाक येतो, आणि बाक आलेल्या पाठीवरून पुढचं बघायला मान जास्तच मागं मोडावी लागते. एवढ्याशा कोनानं मानेत फरक पडतो हे खरं वाटत नाही, पण करून बघा.

मग हँडल. तुमचं खरं काम इथं आहे. पुढचं चाक धरणारा चिमटा म्हणजे फोर्क. हँडल आणि या फोर्कचा दांडा यांना जोडणारा जो तुकडा असतो, तो स्टेम. त्याच्या बाजूला लांबी आणि कोन छापलेला असतो. ५६ च्या फ्रेमला बहुधा १०० किंवा ११० मिलिमीटरचा असेल. बहुतेक स्टेम सहा अंशांचे असतात आणि खालच्या बाजूला कललेले बसवतात. तोच स्टेम काढून उलटा बसवला तर ११० मिलिमीटरच्या स्टेमनं हँडल सुमारे दोन सेंटिमीटर वर येतं आणि काही मिलिमीटर जवळही येतं. यासाठी पैसा लागत नाही. स्टेमच्या वर दांड्यावर गोल कड्या राहिल्या असतील तर त्या काढून स्टेमच्या खाली घाला, आणखी उंची मिळेल. एवढं करून चार-पाच फेऱ्या मारा. तरीही कोपरं सरळच राहत असतील तर ८० किंवा ९० मिलिमीटरचा स्टेम घ्या. ॲल्युमिनियमचा साधा स्टेम महाग नसतो, आणि सायकलवरच्या दुसऱ्या कुठल्याही खर्चापेक्षा मानेला त्याचा उपयोग जास्त. आखूड स्टेमनं हँडल सुरुवातीला जरा चपळ वाटेल, पण दोन-तीन दिवसांत हात बसतो.

हे काम ज्यांच्याकडून कराल त्यांच्याजवळ उभे राहून दोन गोष्टी बघा. बसवताना आधी वरच्या टोपीचा नट आवळून फोर्कमधला खेळ काढायचा, हँडल चाकाशी सरळ करायचं आणि मगच स्टेमच्या बाजूचे नट आवळायचे. हा क्रम उलटा झाला तर फोर्क सैल राहतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढं-मागं हलवा, हँडलखाली टकटक जाणवता कामा नये. दुसरं, नट किती आवळायचे तो आकडा स्टेमवरच छापलेला असतो, बहुधा पाच न्यूटन-मीटरच्या आसपास. फोर्कचा दांडा कार्बनचा असेल तर टॉर्क पान्याशिवाय, म्हणजे किती जोरानं आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याशिवाय, हात लावू देऊ नका, कारण जोर जास्त झाला तर कार्बनला आतून चीर जाते आणि बाहेरून दिसत नाही. दांडा कार्बनचा असला तर स्टेमखाली किती कड्या चालतात याचीही कंपनीनं मर्यादा ठरवलेली असते.

ब्रेकच्या मुठींवर, म्हणजे हुडवर, हात ठेवल्यावर मनगट खाली मोडत असेल तर हँडल किंचित वरच्या बाजूला फिरवून घ्या. कोपरापासून पुढचा हात आणि तळहात एका रेषेत यायला पाहिजेत. करंगळीच्या मुंग्यांबद्दल: त्या फक्त सायकलवर येत असतील आणि करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाचा अर्धा भाग एवढ्यापुरत्याच असतील, तर बहुतेक वेळा तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला नस दाबली गेल्यानं येतात. हात बदलत राहिलात आणि सीट-हँडल जागेवर आणलंत की त्या जायला पाहिजेत. सायकल नसतानाही येत असतील तर पुढं लिहिलंय ते नीट वाचा.

आता एक गोष्ट, जी सायकलवाले सांगत नाहीत पण ४५ च्या पुढच्या प्रत्येकाला मी विचारते. तुम्हाला चष्मा आहे का? पत्रात लिहिलेलं नाही, पण शिक्षक आणि ४७ म्हटल्यावर असणारच असं धरते. झुकून बसल्यावर आपण चष्म्याच्या वरच्या भागातून बघतो. भिंगं बुटकी असतील, किंवा घामानं चष्मा नाकावर घसरला असेल, तर नजर फ्रेमच्या कडेवर अडते आणि रस्ता भिंगात आणायला माणूस नकळत हनुवटी वर करतो. मानेचा अर्धा त्रास तिथून सुरू होतो. सायकलसाठी वेगळा चष्मा करा. नुसत्या लांबच्या नंबरचा, उंच भिंगांचा, नाकावर वर बसणारा, आणि मागं दोरी. वाचायचा भाग असलेला रोजचा चष्मा घरी ठेवा. हेल्मेटचंही तसंच. हायब्रिडच्या वेळचं पुढं छपरी असलेलं हेल्मेट वापरत असाल तर ती छपरी काढून टाका, ती बरोबर नजरेच्या आड येते. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर बसलं पाहिजे. मात्र कपाळ उघडं पडेल इतकं मागं ढकलू नका.

सायकल नीट झाली की बसणं. वाकायचं ते कमरेतून. पोटाची घडी पडून पाठीला कुबड येत असेल तर ओटीपोट जरा पुढं कलवा, बेंबी हँडलकडं न्यायची असं मनात धरा. छाती थोडी उघडते आणि वरच्या पाठीला मानेचं काम वाटून घेता येतं. कोपरं कायम थोडी वाकलेली, पकड सैल. खांदे कानापासून लांब. आणि डोळे वर करा, हनुवटी नाही. सरळ, मोकळ्या रस्त्यावर वीस-तीस मीटर पुढं बघायला बुबुळं वर नेली तर पुरतं. हनुवटी किंचित आत ठेवून बघण्याची सवय लागायला दोन आठवडे लागतात, पण दुखणं थांबवण्यात हिचा वाटा मोठा आहे.

एकाच जागी हात ठेवून पंचवीस किलोमीटर जाऊ नका. दर चार-पाच मिनिटांनी हुडवरून हँडलच्या वरच्या सरळ भागावर या, तिथून पुन्हा हुडवर. वर आलात की धड उंचावतं आणि मानेला विसावा मिळतो. खालच्या वाकड्या भागाला पहिला महिनाभर हातच लावू नका. मागची वाहनं बघायला सारखी मान वळवणं हा आपल्या भागात वेगळाच ताण आहे. आता गळीत हंगाम सुरू आहे, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर मागून येत असतात, आणि निपाणी-चिकोडीकडं चालवणाऱ्यांना तर दर मिनिटाला वळून बघावं लागतं. हँडलच्या टोकाला बसणारा छोटा आरसा लावा. काहींना तो रोड बाइकवर शोभत नाही असं वाटतं. मला तो शोभेपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तरीही वळण्याआधी एकदा मागं बघायचंच, फक्त दर वाहनाला नाही.

हवेबद्दलही सांगते, कारण हादरे शेवटी मानेपर्यंत येतात. टायरच्या बाजूला जो आकडा छापलेला असतो ती कमाल मर्यादा असते. बरेच लोक तेवढी हवा भरतात आणि मग खडबडीत रस्त्यावर दात वाजतात. तुमच्या वजनाला २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ८० ते ८५ पीएसआय पुरे, पुढच्या चाकात आणखी थोडी कमी. फ्रेममध्ये जागा असेल तर पुढच्या वेळी २८ चे टायर घाला आणि हवा सत्तरच्या आसपास ठेवा. आपल्या रस्त्यांना तेच योग्य.

हे सगळं झाल्यावर स्वतःला एकदा बाजूनं बघा. घरातल्या कुणाला तरी सायकल धरायला सांगा, मोबाइल हँडलच्या उंचीला स्टुलावर ठेवा आणि हुडवर हात ठेवून दोन मिनिटं बसल्याचा व्हिडिओ घ्या. कोपर वाकलंय का, पाठीला कुठं बाक येतोय, हनुवटी किती वर आहे, हे आरशात कळत नाही, व्हिडिओत लगेच कळतं.

आता घरचे व्यायाम. फार नाहीत, पण रोजचे आहेत. पाठीवर झोपा, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल, आणि 'हो' म्हणताना मान हलवतो तेवढीच हनुवटी आत घ्या. डोकं उचलायचं नाही, गळ्याच्या बाहेरच्या दोऱ्या ताठायला नकोत. पाच ते दहा सेकंद धरा, दहा वेळा. हे इतकं हलकं वाटतं की लोक पहिल्या आठवड्यात सोडून देतात, पण मानेच्या आतल्या, पुढच्या स्नायूंना जागं करणारा हाच व्यायाम आहे. नंतर चादरीची घट्ट गुंडाळी करून खांद्याच्या पात्यांच्या खाली आडवी ठेवा, हात डोक्यामागं धरून तिच्यावरून हळू मागं कला. गुंडाळी दोन-दोन बोटं वर सरकवत चार-पाच ठिकाणी करा. आखडलेली वरची पाठ याच्यानं मोकळी होते.

तिसरा व्यायाम सायकलच्या जवळचा आहे. हात आणि गुडघे टेकून चौपायी व्हा, पाठ सपाट, डोकं पाठीच्या रेषेत. खांद्याची पाती एकमेकांपासून किंचित लांब ठेवून जमीन हातांनी ढकला, खांदे कानापासून दूर. आता हनुवटी आत ठेवूनच नजर आणि डोकं थोडं वर करा, दहा सेकंद थांबा, खाली या. आठ-दहा वेळा. सायकलवर मानेला जे करायचंय ते इथं न हलणाऱ्या जमिनीवर शिकता येतं. याच्या जोडीला रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून कोपरं मागं ओढण्याचा व्यायाम आणि तीस सेकंदांचा प्लँक एक दिवसाआड करा. पोट-कंबर दमली की भार हातांवर येतो आणि हातांवरून मानेवर. सूर्यनमस्कार घालत असाल तर जरूर घाला, फक्त भुजंगासनात मान मागं टाकून देऊ नका. छाती पुढं आणा, मान तिच्यामागून येऊ दे.

आणि दिवस. सायकलवर मान मागं मोडलेली, उरलेला दिवस वह्यांवर पुढं मोडलेली, मग ती बिचारी मोकळी कधी होणार? वह्या तपासताना खाली एखादी उतरती फळी किंवा जाड फाइल ठेवा, दर अर्ध्या तासानं उठून खांदे फिरवा. झोपताना एकच उशी, मानेची पोकळी भरेल एवढी. दुखतंय म्हणून गळपट्टा बांधू नका, स्नायू आणखी दुबळे होतात. सायकल काढण्याआधी दुखणं मारायची गोळी तर मुळीच घेऊ नका. दुखणं जे सांगतंय ते तुम्हाला ऐकू यायला हवं. कोमट शेक आणि घरच्या तेलानं हलकी मालीश चालेल.

अंतर असं वाढवा. पहिले दोन आठवडे रोड बाइकवर १५ किलोमीटर, आठवड्यातून तीनदा, सलग दोन दिवस नाही. लांब जायची हौस असेल त्या दिवशी हायब्रिड काढा, ती कुणाला देऊन टाकू नका. दुखणं दहापैकी तीनच्या आत असेल आणि दुसऱ्या सकाळी उठल्यावर गेलेलं असेल, तर पुढच्या आठवड्यात तीन-चार किलोमीटर वाढवा. त्याहून जास्त असेल किंवा सकाळी वळता येत नसेल तर अंतर मागं घ्या. पावसाळ्यात खानापूर-जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात सायकल महिनोन् महिने भिंतीला टेकून राहते, आणि ऑक्टोबरात लोक थेट जुन्या अंतरानं सुरुवात करतात. दरवर्षी त्या महिन्यात धरलेल्या माना घेऊन येणारे असतात. पुढच्या पावसाळ्यात वरचे व्यायाम चालू ठेवलेत तर तुम्ही त्यांच्यात नसाल.

काही लक्षणं मात्र सायकल नीट करून बरी होणारी नाहीत. मानेतून कळ हातात उतरत असेल, बोटं कायम बधिर राहत असतील, खडू धरताना किंवा शर्टाची बटणं लावताना हात चाचरत असेल, चालताना तोल जात असेल, पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, किंवा मान ताठ होऊन ताप येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, सायकल बाजूला. पूर्वी कधी झालं नाही असं अचानक तीव्र डोकं-मान दुखणं, सोबत चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं, असं झालं तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. चढावर जोर लावताना छातीत दाब येऊन तो जबडा, मान किंवा डाव्या खांद्याकडं जात असेल आणि थांबल्यावर कमी होत असेल, तर ते मानेचं दुखणं नाही, हृदयाचं असू शकतं, आणि थांबूनही कमी होत नसेल तर क्षणभरही वाट बघू नका. तुमच्या वयात, घाट चढायचं ठरवण्याआधी, रक्तदाब, साखर आणि ईसीजी एकदा करून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते. 'या वयात कशाला' म्हणणाऱ्या घरच्यांनाही त्यानं धीर येईल. ४७ हे सायकल सोडायचं वय नाही.

राहिला चोर्ला. आपल्या बाजूनं गेलं तर तो घाट आधी उतरावा लागतो आणि परत येताना चढावा लागतो. चढ मानेला फारसा जड जात नाही. वेग कमी असतो, हात वर सरळ भागावर असतात, धड उंच राहतं. मानेचा कस लागतो उतारावर. बोटं ब्रेकवर, धड खाली, नजर वळणाच्या पुढं, आणि खड्ड्यांचे हादरे. त्यात दमलेल्या मानेनं डोकं वर धरता आलं नाही तर समोरचा ट्रक उशिरा दिसतो. म्हणून संक्रांतीच्या सुमारास जांबोटीवरून, घाटाच्या आधीच्या कणकुंबीपर्यंत जा आणि तिथूनच परत फिरा. तेही त्याआधीचे दोन आठवडे ४० किलोमीटर करून दुसऱ्या सकाळी मान मोकळी राहिली असेल तरच. घाटाचा उतार फेब्रुवारीत ठेवा, सोबत एक जण घ्या, उतरताना मधे दोनदा थांबा. उसाच्या गाड्यांच्या आधी, उजाडल्याबरोबर निघा, आणि निघायच्या आदल्या दिवशी स्टेमचे नट पुन्हा एकदा तपासून घ्या. डिसेंबरअखेर स्टेमचा आकडा आणि तो बाजूनं घेतलेला व्हिडिओ मला पाठवा, सीट-हँडलमध्ये आणखी काही बदलायचं असेल तर तेव्हा सांगते.